रक्तातल्या स्फुरदाची चौकशी कोण करणार?

नत्र, स्फुरद, पालाश हे तीन शब्द आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. स्फुरद कमी पडले की मक्याची पाने जांभळी पडतात, मुळ्या खुरटतात, हे सांगायला आता विस्तार अधिकाऱ्याने बांधावर जायची गरज राहिलेली नाही. पण हेच स्फुरद माणसाच्या रक्तात असते आणि ते एकाएकी घसरले तर अतिदक्षता विभागातला रोगी हातचा जाऊ शकतो, हे मला स्वतःला दोन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. मी कृषी पदविकाधारक माणूस, डॉक्टर नव्हे. तरीही हा विषय या पानावर मांडतो आहे, कारण त्यात डॉक्टरांइतकीच चूक आमच्या घरची होती.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, पोटदुखी आणि उलट्यांनी अंथरुणाला खिळले होते. अंगात ताप. तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेले. तिथे विचारले, जेवण कधीपासून नाही? आम्ही सांगितले, "झाले दोन-तीन दिवस." खरे म्हणजे नऊ-दहा दिवस ते चहावर होते आणि त्याआधी कित्येक महिने रोज संध्याकाळची घ्यायची सवय. हे चारचौघांत कोण सांगणार? दवाखान्यात ग्लुकोजच्या सलाईन सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या, चेहऱ्यावर तरतरी आली. घरून डब्यातून शिरा आला, लिंबू-साखरेचे सरबत आले. "खाऊ दे, अंगात ताकद येईल," असे सगळेच म्हणत होते. मीही म्हणालो.

चौथ्या दिवशी तात्यांना हात उचलवेना. बोलणे असंबद्ध झाले, श्वास उथळ झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले तेव्हा व्हेंटिलेटर लावावा लागला. तिथल्या डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन विचारले, "आजी, खरं सांगा, किती दिवस पोटात काही नव्हतं?" काकूंनी खरे सांगितले. लगेच रक्तातले फॉस्फरस तपासायला पाठवले. आकडा आला ०.९. मोठ्या माणसात तो साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम हवा. एकच्या खाली म्हणजे धोक्याची घंटा.

मी तर चक्रावून गेलो. हा तर आमच्या खात्यातला विषय! मग डॉक्टरांना गाठून आणि नंतर वाचून जे समजले ते सांगतो.

माणसाच्या शरीरात एकूण स्फुरद सुमारे ७०० ग्रॅम. आपल्या हिशोबात सांगायचे तर दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये असते तेवढे. त्यातले ८५ टक्के हाडांत आणि दातांत बसलेले. बाकी बहुतेक स्नायूंच्या आणि इतर पेशींच्या आत. रक्तातल्या पातळ भागात एका वेळी जेमतेम शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे गोदाम भरलेले असले तरी चालू खात्यावर चिल्लर. काळ्या चुनखडीच्या रानासारखेच आहे हे. जमिनीत स्फुरद असते, पण पिकाला लागते त्या वेळी हाताशी नसते.

उपासमारीत शरीर चरबी आणि स्नायू जाळून दिवस काढते. या काळात पेशींतले स्फुरद हळूहळू बाहेर पडून लघवीवाटे जाते. पण रक्ताचा आकडा बरा दिसत राहतो, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. अशा माणसाच्या अंगात एकदम साखर गेली, मग ती सलाईनमधून असो, नाकातल्या नळीतून असो की काकूंच्या शिऱ्यातून, की इन्सुलिन उसळते. पेशी साखर ओढून घेतात आणि साखरेबरोबर स्फुरद, पोटॅशियम, मॅग्नेशियमही ओढतात. रक्तातली चिल्लर एक-दोन दिवसांत संपते. शरीराचे प्रत्येक काम ज्या इंधनावर चालते त्या एटीपीच्या प्रत्येक कणात तीन फॉस्फेट असतात. स्फुरद नाही तर इंधन नाही. श्वासाचा पडदा हाही शेवटी स्नायूच, तो थकतो. हृदय अडखळते. एकदा व्हेंटिलेटर लागला की तो काढणेही अवघड होते.

पशुपालकांना हे नवे नाही. चांगली दुधाची म्हैस व्याल्यानंतर काही आठवड्यांत लाल, कॉफीसारखी लघवी करू लागते, त्याचे एक मोठे कारण स्फुरदाची कमतरता. दुधावाटे स्फुरद जाते, रक्तातल्या तांबड्या पेशी दुबळ्या होऊन फुटतात. पशुवैद्यक फॉस्फेटचे इंजेक्शन देतात. म्हशीची लघवी लाल दिसली की आपण रात्री डॉक्टर उठवतो. माणसाचे स्फुरद घसरले तर रंग बदलून सांगत नाही, एवढाच फरक.

डाळिंबाचा, संत्र्याचा ताण तोडताना आपण पहिले पाणी हलके देतो, मग हळूहळू वाढवतो. ताणावरच्या झाडाला एकदम पाट सोडू नये हे ज्याला कळते, त्याला उपाशी माणसाला एकदम जेवू घालू नये हे कळायला जड जाऊ नये. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००६ मध्ये याबाबत नियम घालून दिले. दहा दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काही खाल्ले नसेल तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला फार तर १० किलोकॅलरीने सुरुवात करावी, चार ते सात दिवसांत वाढवत न्यावे आणि आधी थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व द्यावे. पन्नास किलोच्या माणसाला हे दिवसाला पाचशे किलोकॅलरी झाले, ज्वारीच्या दीड भाकरीएवढे. आमच्या घरचा डबा त्याच्या तिप्पट होता.

हा धोका जगाला दुसऱ्या महायुद्धानंतर नीट कळला. छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी अन्न मिळूनही मरत होते. १९४५ मध्ये जर्मनीतल्या बर्गन-बेल्सन छावणीत ब्रिटिशांनी तांदूळ आणि साखरेचे एक मिश्रण दिले, त्याचे नाव होते बंगाल फॅमिन मिक्स्चर, कारण ते १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरले गेले होते. आपल्याच लोकांच्या उपासमारीतून शिकलेली गोष्ट, आणि आपल्याच तालुक्यात तिची आठवण नाही.

उपासमार हे एकमेव कारण नव्हे. साखर खूप वाढून बेशुद्ध झालेल्या रोग्याला इन्सुलिन दिल्यावर, सतत डायलिसिस चालू असताना, जंतुसंसर्गात श्वास जोरजोरात चालत असताना, दारूच्या जुन्या सवयीत, आम्लपित्ताची काही औषधे दीर्घकाळ घेतल्यावरही स्फुरद घसरते. उलट मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्यात ते सहसा वाढलेले असते. म्हणून "स्फुरद कमी आहे" असे ऐकून कोणी घरगुती उपाय करू नये. खताच्या पोत्यातले फॉस्फेट पोटात घालण्याचा तर विचारही नको. शिरेतून द्यायचे फॉस्फेटही फार सावकाश द्यावे लागते, घाई केली तर रक्तातले कॅल्शियम खाली येते. तात्यांना ते यंत्रावर थेंबथेंब मोजून दिले, रोज आकडा तपासला, अन्न निम्म्याहून कमी केले. पाचव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला.

थोडेसे कमी दिसले की लगेच औषध द्यावेच का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत आणि त्यात मी पडणार नाही. पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या तेरा अतिदक्षता विभागांतल्या ३३९ रोग्यांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अन्न सुरू केल्यावर ज्यांचे स्फुरद घसरले, त्यांच्यातल्या अर्ध्यांचे अन्न काही दिवस कमी केले. साठ दिवसांनंतर त्यांच्यातले ९१ टक्के जिवंत होते, नेहमीप्रमाणे अन्न मिळालेल्यांतले ७८ टक्के. पण अन्न कमी कोणाचे करायचे हे आकडा पाहिल्याशिवाय कळणार कसे? नेहमीच्या "इलेक्ट्रोलाइट्स" तपासणीत सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड येते. फॉस्फरस वेगळे लिहून द्यावे लागते. पहिल्या दवाखान्यात ते कोणी लिहिले नाही. तपासणी काही महागडी नाही.

त्या दवाखान्यावर सगळे ढकलून मी मोकळा होणार नाही. त्यांना आम्ही "दोन-तीन दिवस" सांगितले होते. दहा दिवस सांगितले असते, दारूचे सांगितले असते, तर कदाचित तिथेच कोणाच्या लक्षात आले असते. घराण्याची अब्रू जपायला गेलो आणि माणूस घालवून बसलो असतो.

एकादशीच्या उपासाला घाबरायचे कारण नाही, आपल्याकडे त्या दिवशी दुप्पटच खाल्ले जाते. पण तहसीलसमोर आठ-दहा दिवस चालणारी उपोषणे आपल्या जिल्ह्याला नवी नाहीत. ती सुटतात सरबताच्या पेल्याने, आणि त्याच संध्याकाळी गावात पंगत. उपोषण सोडवायला जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी, पोलीस पाटलांनी सरबताबरोबर रक्ततपासणीची व्यवस्थाही केली पाहिजे आणि उपोषणकर्त्याला दोन-चार दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवले पाहिजे. रानात एकटी राहणारी म्हातारी माणसे, आजारात आठवडाभर काही न खाल्लेली, ही आशाताईंना सगळ्यांत आधी दिसतात. दवाखान्यात पाठवताना चिठ्ठीवर उपासाचे दिवस लिहिले तरी पुष्कळ झाले.

सरकारी असो की खासगी, दवाखान्याच्या केस पेपरवर "शेवटचे पोटभर जेवण कधी" असा एक रकाना असावा आणि पाच दिवसांहून जास्त उत्तर आले तर अन्न सुरू करण्यापूर्वी आणि नंतरचे तीन दिवस फॉस्फरस तपासावे, ही माझी मागणी आहे. पंचायत समितीच्या पुढच्या मासिक सभेत आरोग्य विभागापुढे ती लेखी ठेवणार आहे. ज्या सरपंचांना त्यावर सही करायची असेल त्यांनी बाजारच्या दिवशी कार्यालयात यावे.