पेडल, रॅक आणि वागळे इस्टेटची बेंजो पार्टी

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ते ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. त्याच वर्षी अमेरिकेत गिब्सनच्या माएस्ट्रो विभागाने ‘फझ-टोन’ ही पायाने दाबायची पेटी विक्रीस आणली. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही गिटारविश्वातला एक जुना वाद वागळे इस्टेटमधून पाहिला की वेगळा दिसतो.

आवाजावर संस्कार करणारे यंत्र पायाखालचे पेडल असावे, की कपाटात बसवलेले रॅक? रॅकची १९ इंची चौकट मुळात टेलिफोन केंद्रांतील उपकरणे बसवण्यासाठी रूढ झाली. पुढे तिच्यात स्टुडिओची यंत्रे आली: १९७५ चे इव्हेंटाइड एच-९१०, १९८५ चे यामाहा एसपीएक्स-९०. ऐंशीच्या दशकात बड्या वादकांमागे फ्रिजएवढी कपाटे उभी राहिली आणि रॅक व्यावसायिकांचा, पेडल हौशींचे, हा समज रुजला.

तो चुकीचा आहे. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग टेबलातला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बेस गिटारचा सूर फाटला. गाणे १९६१ मध्ये गाजले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच फाटका सूर ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने पेटीत उतरवला. स्टुडिओच्या मालकीचा आवाज वादकाच्या मालकीचा झाला, आणि पेडलचे खरे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.

आता वागळे इस्टेटला खेटून असलेल्या किसननगर, लोकमान्यनगरच्या गल्ल्यांत गणेशोत्सवात यावे. बेंजो पार्टीतला ‘बेंजो’ म्हणजे बुलबुलतरंग. १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी घडवलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा वंशज. त्याला पिकअप जोडायचा, गिटारसाठी बनलेल्या इफेक्टच्या पेटीतून सूर काढायचा, सोबत ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड, आणि हा सारा संसार जनरेटरसह टेम्पोवर. भाद्रपदातला पाऊस, रस्त्यातले खड्डे, इंचाइंचाने सरकणारी मिरवणूक! इथे कपाटाला जागा कुठली? वादकाच्या हातापायाशी मावेल तेवढेच यंत्र टिकते.

पेडलच्या रूढ इतिहासात हेंड्रिक्स आणि कोबेन आवर्जून येतात, बेंजोवादक येत नाही. त्याच्या वादनाला गोंगाट म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. फझलाही आरंभी बिघाडच म्हटले गेले होते. औद्योगिक ठाण्याची कागदपत्रे महामंडळाच्या दप्तरी सापडतील. बेंजोवादकांनी कोणती पेटी कुठून आणली, कुणाकडून दुरुस्त करून घेतली, हे मात्र त्यांनाच विचारावे लागेल, आणि तेही त्या पेट्या भंगारात जाण्यापूर्वी.