आधी गोष्ट की आधी बाराखडी?

"आधी मुलांना धड वाचता तर येऊ द्या, मग गोष्टींची पुस्तकं देऊ." लोणंदच्या आणि आसपासच्या गावांतल्या पालकसभांमध्ये हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. सुरुवातीची काही वर्षं मी स्वतःही ते म्हणत होते. म्हणणाऱ्याच्या मनात मुलांविषयी कळकळ असते, म्हणूनच ते खोडून काढणं अवघड जातं. पण यातला क्रमच चुकलेला आहे आणि त्याची किंमत पहिली-दुसरीतली लेकरं मोजतात.

पूर्वपक्ष असा : वाचन ही कमावण्याची गोष्ट आहे. आधी स्वर, मग व्यंजनं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं. पाया पक्का झाला की गोडी आपोआप लागते. त्याआधी पुस्तक हातात दिलं तर मूल नुसती चित्रं बघतं आणि पानं फाडतं. शिवाय मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' पाहणीचा आकडा पुढे केला जातो : २०२२च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी फक्त ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. अशी अवस्था असताना गोष्टी कसल्या सांगत बसता, अक्षरं घोटून घ्या!

आकडा खरा आहे. पण त्याच पाहणीत २०१८ साली हे प्रमाण ५०.५ टक्के होतं. तेव्हा करोना नव्हता, शाळा रोज भरत होत्या, तरी जवळजवळ निम्मी मुलं मागेच होती. ती काय गोष्टींच्या नादाने मागे पडली? मी पाहिलेल्या वर्गांत तरी गोष्टींची पुस्तकं मुलांच्या हाती नव्हतीच. घोटून घेणं मात्र सकाळ-दुपार चालू होतं. ज्या औषधाने गुण आला नाही, त्याचीच मात्रा वाढवा, असं आपण म्हणतो आहोत.

दुसरीतली एक मुलगी आठवते. "हिला वाचता येत नाही," असं मला सांगण्यात आलं होतं. पाठ्यपुस्तक उघडलं की ती खरोखरच मान खाली घालायची. एके दिवशी तिचे वडील बाजार समितीच्या यार्डात कांदा घालून परस्पर शाळेत आले. खिशात आडत्याने दिलेली विक्रीच्या हिशेबाची पट्टी होती. मी ती बाकावर पसरली आणि विचारलं, "यात काय लिहिलंय गं?" तिने बोट ठेवलं. "हमाली." बोट खाली सरकलं. "तोलाई." पुढे 'भाडे'. मग 'वजा' या शब्दाशी ती अडली, जरा थांबली आणि म्हणाली, "ह्यातनं कापत्यात ते." मग न विचारताच बारीक कांद्याचं सांगू लागली, "गोल्टीला भाव गावला न्हाई. हळवा हाय, ठिवला तर सडतोय."

तिला सगळी अक्षरं येत नव्हती. पहिलं अक्षर डोळ्याने धरलं आणि उरलेला शब्द कानाने पुरा केला. घरात रोज रात्री ज्या शब्दांवरून बोलणं होतं, तेच शब्द कागदावर दिसले म्हणून ती वाचू शकली. कागद आपल्याशी काहीतरी बोलतो, हे तिला त्या पट्टीने शिकवलं. वर्षभराच्या बाराखडीने ते शिकवलं नव्हतं.

आणि इथेच दुसरी चूक दिसते. हीच मुलगी वर्गात "गावला न्हाई" म्हणाली की तिला लगेच "सापडला नाही, म्हण" असं सांगितलं जायचं. दोन-चारदा असं झालं की मूल बोलायचंच थांबतं. मग आपण शेरा मारतो, संभाषण कौशल्य कमी. प्रमाणभाषा शिकवूच नये, असं मी म्हणत नाही. ती आलीच पाहिजे, आणि भरपूर ऐकून-वाचून ती येतेच. पण मुलाचं सांगणं पुरं व्हायच्या आत त्याचा शब्द दुरुस्त केला, तर आपण भाषा शिकवत नाही, ती तोंडातून काढून घेतो. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, हा समजही याच जातीचा.

याला तोड शोधायला फार लांब जावं लागत नाही. शेजारच्या फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन १९६०च्या दशकात अमेरिकेतून भाषेचा अभ्यास करायला आल्या. फलटणची माणसं कशी बोलतात, हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय. पुढे त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. संस्थेच्या कमला निंबकर बालभवनात अक्षरं अ-आ-इ-ई या ओळीने शिकवत नाहीत. थोडी अक्षरं आणि सोबत एखाद-दुसरी मात्रा घेतात, म्हणजे पहिल्या काही दिवसांतच मुलाला अर्थाचे शब्द वाचता येतात. जोडीला गप्पा, गोष्टी आणि पुस्तकं असतातच. पाया कच्चा ठेवा, असं इथे कुणी म्हणत नाही. पाया घालणं आणि गोडी लावणं एकाच वेळी जमतं, एवढंच हे काम दाखवून देतं.

लोणंदला तर हे परक्याने सांगायची गरजच नव्हती. नीरास्नान उरकून माउलींची पालखी आपल्या गावात मुक्कामाला येते. माझी आजी शाळेची पायरी चढली नव्हती, पण हरिपाठ तिला तोंडपाठ होता. उतारवयात पोथी मांडीवर घेऊन, पाठ असलेल्या ओळींवर बोट फिरवत तिने अक्षरं ओळखली. आधी कान, मग जीभ, मग डोळा. वारकऱ्यांच्या कितीतरी घरांत साक्षरता याच वाटेने आली असेल.

सावित्रीबाई फुल्यांचं नायगावही आपल्याच खंडाळा तालुक्यातलं. लहानपणी शिरवळच्या बाजारात मिळालेलं पुस्तक, वाचता येत नसतानाही त्यांनी जपून ठेवलं, अशी आख्यायिका सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, पण अक्षर येण्याआधी पुस्तकाची ओढ असू शकते, हे लोकांना पटलेलं आहे म्हणून ती टिकली.

मोबाइलमुळे मुलांना पुस्तकाची ओढ उरली नाही, हे गाऱ्हाणं मला फार मनावर घ्यावंसं वाटत नाही. मोबाइल मुलाच्या हाताला लागतो. पुस्तक लागत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९चा आहे. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय. पुस्तकं येतातही. एका शाळेत मी कोऱ्या पुस्तकांनी भरलेलं लोखंडी कपाट पाहिलं. त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, ते उघडलं, पुस्तकं मुलांच्या हातात दिली, फोटो झाला आणि दुपारच्या सुट्टीआधी मोजून परत आत गेली. "फाटली तर ऑडिटला काय दाखवायचं?" ही भीती मला समजते. पण चार वर्षांनंतरही कोरं राहिलेलं पुस्तक दाखवताना जास्त लाज वाटायला हवी. भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं, त्याचा सातारकर म्हणून मला अभिमान आहे. पण लोणंदच्या दुसरीतल्या पोराला भिलारला जाता येत नाही. त्याला त्याच्या वर्गातल्या कपाटापर्यंत जाता आलं पाहिजे.

तेव्हा गुरुजी, बाई, येत्या शनिवारी ते कपाट उघडा आणि प्रत्येक मुलाला एकेक पुस्तक घरी न्यायला द्या. फाटलं तर डिंक लावू. सोमवारी प्रश्नोत्तरं घेऊ नका, नुसतं विचारा, "काय होतं रे त्यात?" आणि तो "व्हतं" म्हणाला तरी शेवटपर्यंत ऐका. आईबापांनो, कांद्याची पट्टी खिशात घडी करून ठेवण्याआधी एकदा पोरीकडून वाचून घ्या.