क्रमांक फाटकाबाहेर राहील काय?

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने जुलै २०२३ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना काही सूचना दिल्या. प्रवेशपरीक्षेतील क्रमांक कोणी कोणास विचारू नये, ही त्यांतील एक होती. वरकरणी ही वसतिगृहातील शिष्टाचाराची बाब वाटेल. परंतु ज्या संस्थेचे फाटक त्या क्रमांकानेच उघडते, तिलाच आत आलेल्यांना त्याचा उच्चार वर्ज्य करावा लागावा, यात आपल्या तंत्रशिक्षणाच्या एका जुन्या दुखण्याची कबुली आहे, असे आम्हांस वाटते.

या सूचनेस दुःखद पार्श्वभूमी होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत पहिल्या वर्षाच्या एका अठरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याने या आवारात आत्महत्या केली. कुटुंबीयांनी जातीवरून झालेल्या हेटाळणीचा आरोप केला. संस्थेच्या चौकशी समितीस तसा थेट पुरावा आढळला नाही. त्या वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. प्रश्न एका संस्थेपुरता उरलेला नाही, हे मात्र उघड आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमावे लागले, यावरून दुखण्याची खोली कळावी.

हा क्रमांक म्हणजे आहे तरी काय? २०२४ साली सुमारे १४ लाख मुलामुलींनी पहिली चाळणी परीक्षा दिली. त्यांतून पुढे आलेल्यांपैकी सुमारे १ लाख ८० हजार दुसऱ्या परीक्षेस बसले आणि देशातील २३ तंत्रज्ञान संस्थांत मिळून जागा होत्या १८ हजारांहूनही कमी. इतक्या उमेदवारांतून इतके थोडे निवडायचे तर कोठेतरी रेघ ओढणे प्राप्तच आहे. पण ही रेघ निवडीच्या सोयीसाठी आहे. तिने बुद्धीची प्रतवारी ठरत नाही. एका दिवसाच्या दोन प्रश्नपत्रिकांत चार-दोन गुण इकडचे तिकडे झाले, तरी क्रमांक शेकड्यांनी मागेपुढे सरकतो. शिवाय राखीव जागांच्या व्यवस्थेमुळे क्रमांक ऐकताच समोरच्याची जात अजमावता येते. या संस्थांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा १९७३ पासून आहेत. पन्नास वर्षे उलटल्यावरही त्यांच्या हक्काविषयी पुटपुट थांबलेली नाही. अशा वातावरणात ‘तुझा क्रमांक कितवा?’ हा प्रश्न पुष्कळदा जातीचाच प्रश्न असतो. म्हणून संस्थेची सूचना योग्य होती, हे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो.

परंतु विद्यार्थ्यांना जे विचारण्यास मनाई केली, तेच संस्थेची व्यवस्था विचारीत राहिली तर सूचना कागदावरच राहील. पुष्कळ विषयांत गुणांकन सापेक्ष असते. विद्यार्थ्यास विषय किती समजला यापेक्षा तो शेजाऱ्याच्या पुढे आहे की मागे, यावर त्याची श्रेणी ठरते. आता या वर्गात कोण असते? पहिल्या इयत्तेपासून पहिला नंबर न सोडलेली, तालुक्यात सत्कार झालेली मुले. अशी शंभर मुले एकत्र बसविली की त्यांतील पन्नास मधल्या रेषेखाली जाणारच. ते अंकगणितच आहे. शाळामास्तरकी केलेल्या कोणालाही ठाऊक असते की कच्च्या मुलापेक्षा, कधीच मागे न पडलेला हुशार मुलगा पहिल्या अपयशाने अधिक खचतो. त्याला ते कसे पचवावे हे कोणी शिकविलेले नसते. दोन-तीन वर्षे शिकवणीवर्गात काढलेल्या या मुलाने मैदान, वाचन, मैत्री सारे काही ‘प्रवेश मिळाल्यावर’ म्हणून लांबणीवर टाकलेले असते.

मराठी वा हिंदी माध्यमातून आलेल्याची अडचण आणखी निराळी. पहिली चाळणी परीक्षा २०२१ पासून मराठीतही देता येते. पण दुसरी केवळ इंग्रजीत व हिंदीत होते आणि वर्गातील व्याख्यान इंग्रजीत. गणित त्यास समजते, शंकाही योग्य सुचते. पण ती चारचौघांत इंग्रजीत उच्चारण्याचे धैर्य होत नाही. हे मौन मंदपणाचे लक्षण समजले जाते. पुढे पुढे त्यालाही तेच खरे वाटू लागते.

यावर असा आक्षेप येईल की, पूल आणि विमाने दयाबुद्धीने बांधता येत नाहीत. अभ्यासाची कसोटी सैल केली तर देशाचेच नुकसान होईल. हा आक्षेप आम्हांस पूर्ण मान्य आहे. कसोटी कडक हवीच. मात्र कसोटी ज्ञानाची हवी. पुलाचे गणित चुकले तर शेजाऱ्याचे अधिक चुकले म्हणून पूल उभा राहत नाही. आणि सर्वांचेच बरोबर आले तर कोणास तरी खालची श्रेणी देण्याचे कारण उरत नाही.

या संस्थांची कल्पना मांडणाऱ्या सरकार समितीपुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा नमुना होता. त्या संस्थेने १९६८ साली प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी श्रेणीऐवजी केवळ ‘उत्तीर्ण’ची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. आजही तेथे पहिल्या सत्रातील नापासाची नोंद कायमच्या गुणपत्रकावर चढत नाही. नव्या जागी रुळण्यास अवधी दिला म्हणून तिचा दर्जा घसरला, असे कोणी म्हणणार नाही. आपण नमुना घेतला, पण त्यामागील हा शहाणपणा घेतला नाही. पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलून देण्याची चढाओढ काही संस्थांनी अलीकडे बंद केली, हे ठीक झाले. पण तेवढ्याने भागणार नाही.

पहिल्या सत्राचे गुणांकन ठरावीक कसोटीवर व्हावे. प्रथम वर्षाचे वर्ग अनुभवी प्राध्यापकांनी घ्यावेत. दहा-पंधरा विद्यार्थ्यांमागे त्यांना नावाने ओळखणारा एक अध्यापक असावा आणि शंका आपल्या भाषेत विचारण्याची मोकळीक असावी. यासाठी माणसे लागतात. या संस्थांतील अध्यापकांची हजारो पदे रिक्त असल्याचे केंद्र सरकारने संसदेत वेळोवेळी सांगितले आहे. समुपदेशक नेमणे आवश्यकच आहे. पण वर्गातील रिकामी खुर्ची समुपदेशकाने भरून निघत नाही. जातीवरून होणाऱ्या हेटाळणीच्या तक्रारी ऐकणाऱ्या कक्षास चौकशीचा खराखुरा अधिकार हवा, हे तर सांगावयास नको.

पालकांनाही आमचे एक सांगणे आहे. मुलगा वा मुलगी पहिल्या सुटीत घरी येईल, तेव्हा गुण विचारण्यापूर्वी तेथे कोण मित्र मिळाले, जेवण कसे असते, काय शिकताना गंमत वाटली, हे विचारावे. १९५८ साली जेमतेम शंभर विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेली ही संस्था आज देशाचे भूषण आहे. त्या भूषणाची किंमत कोवळ्या जिवांनी मोजता कामा नये. क्रमांकाचे काम प्रवेश मिळताच संपते, हे संस्थेने विद्यार्थ्यांस सांगितले आहेच. आता ते आपल्या गुणपत्रकांतूनही सांगावे.