गॅरेजवाल्याची मजुरी आणि आमची घासाघीस

आम्ही कापडाचे व्यापारी. मालेगावहून थान घेऊन मुंबईच्या मूलजी जेठा मार्केटला जाणे-येणे आमच्या घरात वडिलांच्या वेळेपासून चालत आले आहे. गाडी दुरुस्त करणे हा काही आमचा धंदा नव्हे. तेव्हा या विषयावर आम्ही का लिहावे, असे वाचक विचारतील. या पानाचे वाचक काही व्यापारी आहेत, काही कारागीर, आणि कारागिरांत गॅरेजवाले थोडेथोडके नाहीत. ब्रेकवाला, डेंटर, पेंटर, बॅटरी-वायरिंगवाला, आपल्या वस्तीत दर चार दुकानांमागे यांतला एक तरी सापडतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की या कारागिराशी मजुरीवरून केलेली घासाघीस शेवटी व्यापाऱ्यालाच महाग पडते, आणि त्याच घासाघिशीत कारागिराचा हुनरही मागे पडत चालला आहे.

आधी आमची स्वतःची चूक सांगतो. 2016 सालच्या मे महिन्यात आमची भरलेली व्हॅन कसारा घाट उतरत होती. ड्रायव्हर पुढच्या कंटेनरमागे सतत ब्रेक दाबत होता. अर्ध्या घाटात पेडल एकाएकी मऊ पडले आणि पायाखाली पार फळीला टेकले. पोराने डोके शाबूत ठेवले, गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढत ओढत डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. मागे लाखोंचा माल होता, आणि पुढे आम्ही स्वतः बसलो होतो. अर्ध्या तासाने पाहतो तो पेडल पुन्हा पहिल्यासारखे कडक! ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, ठीक हो गया." आम्हीही खूश झालो. खाली कसाऱ्याला एका मिस्त्रीला दाखवले तेव्हा त्याने ऑइलच्या डब्याचे झाकण काढून आत पाहिले आणि विचारले, हे तेल शेवटचे कधी बदलले? तेल चहासारखे काळे झाले होते.

उत्तर आम्हाला ठाऊक होते. तीन महिन्यांपूर्वी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने पॅड बदलताना सांगितले होते की तेल पूर्ण काढून नवे भरू, चारही चाकांची हवा काढू, अर्धा दिवस जाईल. आम्ही म्हटले, अभी रहने दो, ऊपर से डाल दो. काही शे रुपये वाचवले होते.

यात शास्त्र काय आहे ते कापडवाल्याला समजेल अशा भाषेत सांगतो. सुताची गाठ पावसाळ्यात वजनाला भरते, हे आपण सगळे जाणतो. कोरड्या सुतामागे हवेतले साडेआठ टक्के पाणी हिशेबात धरण्याची रीतच आहे. पॉलिस्टर मात्र पाणी जवळजवळ घेत नाही. ब्रेक ऑइल या बाबतीत सुतासारखे आहे. डब्यात, नळीत बसल्या बसल्या ते हवेतला ओलावा ओढते. नवे डॉट-3 तेल 205 अंशांच्या आधी उकळू नये असा नियम आहे, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की ही मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट-4 चे हेच आकडे 230 आणि 155. घाटात ब्रेक तापला की असे ओले तेल उकळते आणि त्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जाते. गार झाले की वाफेचे पुन्हा तेल होते आणि गाडी "ठीक" होते. म्हणून दोन वर्षांनी तेल पूर्ण बदलावे, वरून भर घालून भागत नाही. आणि डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून न्यूट्रलवर गाडी सोडणारे जे आपले बंधू आहेत, त्यांनी हेही लक्षात ठेवावे की ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या जिवावर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन दाबांत तो जोर संपतो, आणि मग पाय कितीही रोवला तरी भरलेली गाडी ऐकत नाही.

बॉडीच्या कामात व्यापारी आणखीच हात आखडता घेतो, कारण ते काम डोळ्यांना दिसते, आणि दिसल्यासारखे झाले की पुरे, असे त्याला वाटते. पत्रा ठोकून जागेवर आणायला वेळ लागतो. तो वेळ आपण देत नाही, मग खड्ड्यात लांबी भरून वर रंग मारला जातो. सहा महिन्यांनी फुगा येतो, आत गंज. जुनी गाडी घेताना फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवून पाहावे. जिथे ते पकडत नाही तिथे लांबी जाड आहे. रंगाच्या शेडबाबत तर कापडवाल्याने तक्रारच करू नये. एकाच रंगाच्या दोन लॉटांत फरक येतो हे आपण गिऱ्हाइकाला रोज समजावतो, मग पाच वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या दरवाज्याशी नवा रंग तंतोतंत जुळावा असा हट्ट का? ट्यूबलाइटखाली शेड पास करू नये, ही शिस्त दोन्ही धंद्यांत एकच आहे.

वायरिंगचे काम सर्वांत कमी मोलाचे समजले जाते, आणि आग लागते ती तिथूनच. मूळ हेडलाइट 60 वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टवर पाच अँपिअर. त्या जागी 100 वॅटचा बल्ब बसवला की त्याच बारीक तारेतून आठाहून अधिक अँपिअर जातात. जणू 40 काउंटच्या सुतावर 20 काउंटचा ताण. होल्डर वितळतो, फ्यूज जातो, आणि कुणीतरी शहाणा त्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळतो. फ्यूज जळतो तो तार वाचवण्यासाठी. कागद लावला की जळायला तारच उरते.

आमच्या ओळखीचे एक वायरिंगवाले उस्ताद आहेत. त्यांची तक्रार ऐकण्यासारखी आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट होत नाही, बॅटरी नवी आहे, चार्जिंग चौदा व्होल्ट बरोबर येते. मग कुठेतरी करंट झिरपतो आहे. एकेक फ्यूज काढून मीटर लावत लावत तीन तासांनी कळते की डिकीच्या दिव्याचे बटण अडकले आहे. दुरुस्तीला पाच मिनिटे. गिऱ्हाईक म्हणते, एवढ्याचे आठशे? उस्ताद म्हणतात, पाच मिनिटांचे काहीच घेत नाही, तीन तासांचे घेतो. आम्हाला हे पटते. चूक शोधण्याची मजुरी वेगळी लिहून घ्यावी आणि गिऱ्हाइकाने ती द्यावी.

आता कारागीर बंधूंना दोन शब्द, राग मानू नये. एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 आले. पुष्कळ नव्या गाड्यांत हँडब्रेकच्या जागी बटण आहे. तिथे स्कॅनरने सर्व्हिस मोड लावल्याशिवाय पिस्टन दाबून मागे ढकलला तर मोटर खराब होते. पत्र्याला वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली नाही तर महागडा कंट्रोल युनिट जाऊ शकतो. म्हणजे ब्रेकवाला, डेंटर आणि वायरिंगवाला हे आता एकमेकांच्या कामात आले आहेत. स्कॅनरवर जो कोड येतो त्याच्या पहिल्या अक्षरावरून खाते कळते : पी इंजिनचे, सी ब्रेक-स्टिअरिंगचे, बी बॉडीचे, यू आतल्या संदेशवहनाचे. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, इंग्रजी बिलावरची अक्षरे दुकानात बसून शिकलो. चार अक्षरे शिकणे कुणाला जड नाही. स्वस्त रीडर फक्त इंजिनचे कोड वाचतो. एबीएस वाचणारा मोठा स्कॅनर एकट्याला परवडत नसेल तर एका गल्लीतल्या चार गॅरेजनी मिळून घ्यावा. आपले लूमवाले जॉबर आणि वार्पिंग वाटून घेतातच की.

लोक म्हणतात, कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरपुढे गल्लीतले गॅरेज संपले. आम्हाला तसे वाटत नाही. ऑगस्ट 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी की त्या सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणी मिळू देत नव्हत्या. कंपन्या अपिलात गेल्या, वाद लांबला, हे खरे. पण बाहेरच्या कारागिराची बाजू कायद्याच्या दरबारात मांडली गेली हे लहान नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारीही आहेत. विजेवरच्या गाड्या आल्या तरी त्यांना ब्रेक आहेत, पत्रा आहे, वायरिंग तर दुप्पट आहे. फक्त त्यातल्या नारिंगी तारांना प्रशिक्षणाशिवाय हात लावू नये, तिथे शेकडो व्होल्ट असतात.

मुलांचेही बोलले पाहिजे. चौदा वर्षांखालचे पोर गॅरेजवर ठेवणे 2016 च्या दुरुस्तीनंतर सरळ गुन्हा आहे. त्याला आधी शाळेत जाऊ द्यावे, मग आयटीआयला. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, बॉडी रिपेअरचा वेगळा आहे. ज्यांनी उस्तादाच्या हाताखाली वीस वर्षे काढली त्यांच्या हुनराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सरकारी सोय आहे, तिचा फायदा आपले लोक फार कमी घेतात. आणि बिल द्यावे. काय बदलले, कोणत्या कंपनीचा भाग, किती मजुरी, तारीख. बिल मागितले की गिऱ्हाईक नाराज होईल ही भीती खोटी आहे. बिल न मिळाल्यामुळेच आमच्यासारखा गिऱ्हाईक घासाघीस करतो, कारण पैसे कशाचे गेले हे त्याला दिसत नाही.

कसाऱ्यानंतर आमचा मिस्त्री ब्रेक ऑइलच्या झाकणावर बदलल्याची तारीख पांढऱ्या रंगाने लिहितो. आमच्या दोन्ही गाड्यांवर ती लिहिलेली आहे, आणि मजुरी तो सांगेल ती आम्ही देतो. ज्या बंधूंच्या गाड्या घाटाने माल नेतात त्यांनी पावसाळ्याआधी बॉनेट उघडून झाकणाखालचे तेल एकदा स्वतः पाहावे. काळे दिसले तर त्याच दिवशी गाडी मिस्त्रीकडे लावावी, आणि त्याला अर्धा दिवस द्यावा.