'सहायक' कोण?

सावित्रीबाईंच्या जयंतीला, ३ जानेवारीला, आमच्या महिला मंडळात बोलायची पाळी यंदा माझ्यावर आली. सावित्रीबाई शिक्षिकेचे धडे घ्यायला नगरला मिस सिंथिया फरार यांच्याकडे आल्या होत्या, हे नगरच्या बाईला सांगावं लागत नाही. पण या फरारबाई कोण, कुठल्या, याचा मी तरी कधी शोध घेतला नव्हता. म्हणून जरा जुनी पुस्तकं काढून बसले. फरारबाई भेटल्या. १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईला आल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. पण खरं सांगू? मला धरून ठेवलं ते त्यांच्या पाठोपाठ भेटलेल्या एका जोडप्यानं. रॉबर्ट आणि केटी ह्यूम.

नगरमध्ये ह्यूम मेमोरियल चर्च आहे. त्याच्यावरून आपण रिक्षाने शंभरदा गेलो असू. 'स्मृतिचित्रे' वाचताना ह्यूमसाहेबही भेटतात. पण साहेबांमागे एक बाई आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

ह्यूम जन्मले मुंबईत, १८४७ साली. लहानपणीच वडील गेले, तेही मायदेशी परतताना, समुद्रावर. आईनं अमेरिकेत मुलांना वाढवलं. आणि १८७४ मध्ये हा मुलगा पुन्हा इकडे आला, तो थेट नगरला. पहिली पत्नी ॲबी १८८१ मध्ये वारली. १८८७ मध्ये दुसरं लग्न झालं ते केटी फेअरबँकशी. ही नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याची लेक! तिचे वडील सॅम्युअल फेअरबँक वडाळ्याला राहत. मिशनच्या कामाबरोबर शेती आणि पक्ष्यांचा अभ्यास करणारा हा माणूस. दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याला त्यांचं नाव दिलेलं आहे. म्हणजे केटीबाईंचं माहेर वडाळा आणि सासर नगर. अमेरिकन म्हणायचं ते नावापुरतंच.

ह्यूम साठीला आले १९०७ मध्ये. आपल्याकडे साठी झाली की सत्कार, शाल, नारळ आणि मग व्हरांड्यातली खुर्ची. ह्यूम निवृत्त झाले १९२६ मध्ये. म्हणजे ७९व्या वर्षी, ५२ वर्षं काम करून. त्यांची मुलगी रूथ डॉक्टर होऊन १९०३ मध्ये नगरला परतली आणि बायकांच्या दवाखान्याचं काम तिनं अंगावर घेतलं. पुरुष डॉक्टरपुढे जायला बायका तयार नसत, तो काळ.

या लोकांचा दिवस कसा जात असेल? थंडीत तंबू घेऊन खेडोपाडी फिरणं, बैलगाडीची धूळ, परत आलं की शाळा, वसतिगृह, हिशेब, मायदेशी पाठवायचे अहवाल. यातला अर्धाअधिक भार मिशनरी बायकांवर असे. मुलींची शाळा त्यांनीच बघायची, औषधाची बाटली मागायला आलेल्याला त्यांनीच भेटायचं, शिवाय वेळी-अवेळी येणाऱ्या पाहुण्यांचं ताट! १८९९-१९००चा भीषण दुष्काळ आठवा. तेव्हा मिशनच्या आश्रयाला कितीतरी अनाथ पोरं आली. त्यांना नुसतं जेवू घालून भागत नव्हतं, सुतारकाम, गालिचे विणणं असं हाताला काम शिकवलं गेलं. दुष्काळातल्या कामासाठी ह्यूमसाहेबांना सरकारचं कैसर-ए-हिंद पदक मिळालं. साहेबांना. आणि त्यांच्या अमेरिकन बोर्डाच्या कागदोपत्री मिशनऱ्याच्या बायकोला काय म्हणत, माहीत आहे? 'सहायक मिशनरी'.

वाचून मी हसले. मग हसू थांबलं. जनगणनेला माणूस आला की आपण काय सांगतो? "मी काही करत नाही, घरीच असते."

इथे कुणी म्हणेल, अहो, ते धर्मांतर करायला आले होते, त्यांचं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. हेतू तो होताच, तो लपवायचं कारण नाही. त्याच्याशी माझं जमत नाही. पण ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचं नावही पडलं नाही, त्यांना मेल्यावर सरसकट नरकात लोटू नये, एवढं म्हटल्याबद्दल याच ह्यूमना त्यांच्या वरिष्ठांनी हिंदुस्थानात परत पाठवायला खळखळ केली होती. माणसं एका शब्दात मावत नाहीत. मतभेद ठेवूनही त्यांच्या म्हातारपणाकडे बघता येतं.

आता माझीच गोष्ट. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या, सासरे ७४चे, निवृत्त शिक्षक. गेल्या जूनमध्ये सासूबाई म्हणाल्या, "पलीकडच्या वस्तीत मुलं दिवसभर हिंडत असतात. मी आणि हे सकाळी दोन तास जाऊन बसू का? हे गणित घेतील, मी गाणी-गोष्टी." मी, समाजकार्य करणारी, भाषणं देणारी, काय म्हणाले असेन? "आई, आता कशाला दगदग? लोक म्हणतील, सुनेनं घराबाहेर काढलं." त्या गप्प झाल्या. पुन्हा विषय काढला नाही. आणि मी ते त्यांच्या काळजीपोटी केलं, असं स्वतःला समजावत राहिले. काळजी कसली, मला माझ्या नावाची काळजी!

आज आपल्या सावेडीत, पाईपलाईन रोडला गल्लीगल्लीत दोनच माणसं राहणारी घरं आहेत. मुलं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेत. तेव्हा अमेरिकन आईबाप नगरला राहून मुलांना शिकायला समुद्रापार पाठवत आणि पत्राची वाट बघत. आता नगरचे आईबाप व्हिडिओ कॉलची वाट बघतात. फरक एवढाच, की त्यांना दिवस पुरत नव्हता आणि आपल्या म्हाताऱ्यांना तो सरता सरत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक सासूनं बाहेर पडून सेवा करावी, असं मुळीच नाही. आयुष्यभर चुलीशी राबलेल्या बाईला स्वस्थ बसायचाही हक्क आहे. पण ते तिनं ठरवावं. तिला विचारायचं सोडून आपणच 'आता आराम करा' म्हणतो आणि नातवंडं मात्र तिच्याच मांडीवर देतो! शाळांनी, अंगणवाड्यांनी, मंडळांनी अशा जोडप्यांसाठी दार उघडं ठेवावं. आणि दोघं गेली, तर सत्काराला फक्त 'सरांना' बोलावू नये.

भाषण झालं. घरी आल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "आई, चुकलं माझं. वस्तीत जायचं अजून मनात आहे का?" त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "आठवड्यातून तीन दिवस जाईन. गुडघा त्याच्यापुढे ऐकणार नाही. पण त्या दिवशी सकाळचा चहा तू करायचास."

सोमवारपासून चहा मी करते. सहायक म्हणून.