फ्यूजच्या जागी चांदी नको

मासळी, आंबा, भाजी, मंडपाचे सामान असे सारे काही वाहणारी जुनी पिकअप ही आपल्यातल्या अनेक घरांची रोजी आहे. तिचे ऑइल आपण वेळेवर बदलतो, टायर तपासतो. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सकडे मात्र दिवे गेल्याशिवाय कुणी पाहत नाही. आणि दिवे गेले की सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजला गुंडाळून गाडी पुढे काढतो.

आम्ही वर्गात मुलांना सांगतो ते इथेही सांगतो. फ्यूज बल्बला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरला वाचवतो. कुठे शॉर्ट झाले की आतली बारीक तार वितळते आणि प्रवाह तुटतो. चांदी किंवा जाड तार लावली की ती वितळत नाही, मग वायर तापते. तिचे आवरण जळते आणि त्याच जुडग्यातल्या शेजारच्या वायरी पेटतात.

चांदी लावली नसली तरी जुना बॉक्स धोक्याचा असू शकतो. काचेचे फ्यूज धरणाऱ्या पट्ट्या वर्षानुवर्षांच्या दमट हवेने हिरव्या पडतात, सैल होतात. सैल जोडावर उष्णता वाढते आणि बॉक्सचे प्लास्टिक वितळू लागते. प्रवाह वाढलेला नसल्यामुळे अशा वेळी फ्यूज उडेलच असे नाही.

म्हणून असा बॉक्स काढून ब्लेड फ्यूजचा नवा बॉक्स बसवणे चांगले. काम माहीतगार वायरिंग मिस्त्रीकडूनच करून घ्यावे, पण शेजारी उभे राहून काही गोष्टी पाहाव्यात. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवलेली असावी. प्रत्येक वायरला चिठ्ठी लावून आणि मोबाइलवर फोटो काढूनच ती सुटी करावी. किल्लीवर चालणाऱ्या आणि किल्लीविना चालणाऱ्या वायरी वेगळ्या ठेवाव्यात. वायर पिळून टेप न मारता लग दाबून बसवावा. बॅटरीजवळ एक मुख्य फ्यूजही असावा.

जुन्या फ्यूजवरचा आकडा डोळे मिटून उतरवू नये. ल्यूकस पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेले असते, तो आकडा फ्यूज उडण्याचा. सतत वाहण्याची त्याची क्षमता 17 अँपियर. तिथे 35चा ब्लेड फ्यूज लावला तर वायरचे रक्षण होत नाही. हिशेब सोपा आहे : 55 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 110 वॅट, भागिले 12 व्होल्ट, म्हणजे सुमारे 9 अँपियर. वायर तेवढी जाड असेल तर 15चा निळा फ्यूज पुरे. 10चा लाल, 20चा पिवळा आणि 30चा हिरवा असतो. यादी मराठीत लिहून झाकणाच्या आत चिकटवावी, प्रत्येक रंगाचे दोन फ्यूज गाडीत ठेवावेत. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोठा लावू नये, दोष शोधावा.

रात्री झोपण्यापूर्वी दिवे विझवावेत, उंदीर वात ओढून घर पेटवू शकतो, अशी ताकीद हुजूर सल्ल. यांनी दिली आहे. आगीपासून घर सांभाळणे हा दीनचाच भाग आहे. उंदीर आजही आहेत आणि आता ते वायरी कुरतडतात. अल्लाहवर भरवसा ठेवून आपला मुलगा पहाटे चारला मार्केटला निघतो. त्याच्या हाती किल्ली देण्याआधी फ्यूज बॉक्सचे झाकण एकदा उघडून पाहू या.