निळ्या फरशीचा तुकडा

तीन वर्षांपूर्वी आमच्या न्हाणीघराने कात टाकली. सौभाग्यवतींना जुनी निळी फरशी नकोशी झाली होती, आणि अशा बाबतीत आपण मत देऊ नये एवढे शहाणपण मला लग्नानंतर लवकरच आले होते. गवंड्याने दोन दिवसांत सारे उखडून पंचवीस-तीस गोण्या भरल्या. "हे टाकणार कुठं?" मी विचारले. "तुम्ही काळजी करू नका, साहेब," तो म्हणाला. मीही ती केली नाही. टेम्पोचे पैसे मोजले आणि मोकळा झालो.

पुढे एका सकाळी खाडीकडे फिरायला गेलो असता तिवरांच्या चिखलात निळे काहीतरी चमकले. वाकून पाहतो तो तीच नक्षी, आणि नळासाठी पाडलेले तेच वाकडे भोक! सारा राडारोडा तिवरांच्या मुळांवर बसला होता. मी इकडेतिकडे पाहिले आणि चोराने मुद्देमाल लपवावा तसा तो तुकडा खिशात घातला. घरी अवाक्षर बोललो नाही.

यंदा आमची अख्खी इमारतच पुनर्विकासासाठी पाडायची ठरली, तेव्हा तो तुकडा पुन्हा बोचू लागला. एका न्हाणीघराच्या तीस गोण्या. मग चार मजल्यांच्या किती? भाचा सिव्हिल इंजिनियर आहे. त्याला गाठले.

"मामा, तुमची इमारत म्हणजे खडीची खाण आहे," तो म्हणाला. काँक्रीटचा निम्म्याहून बराच जास्त भाग खडी नि वाळूचाच असतो. यंत्राच्या जबड्यात ते फोडायचे, लोहचुंबकाने सळ्यांचे तुकडे वेगळे काढायचे, चाळण्यांतून खडी नि भुकटी निवडायची. तेवढाच काळा दगड डोंगरात शिल्लक राहतो.

"मग अडचण कसली?" मी म्हणालो.

अडचण अशी की, जुन्या खडीला जुने सिमेंट चिकटलेले असते आणि ते सच्छिद्र. ताज्या काँक्रीटमधले पाणी ते पिऊन टाकते. म्हणून अशी खडी आधी भिजवून घ्यावी लागते किंवा पाण्याचा हिशेब बदलावा लागतो. मजबुतीही थोडी कमी भरते. त्यासाठी २०१६ साली आपल्या भारतीय मानकात प्रमाण बांधून दिले : साध्या काँक्रीटमध्ये अशी खडी २५ टक्क्यांपर्यंत, सळ्यांच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम-२५ प्रतीपर्यंतच; पायाखालच्या हलक्या थरात मात्र खुशाल सगळीच. आणि सर्वांत मोठा शत्रू कोण, तर प्लास्टर ऑफ पॅरिस! त्यातले सल्फेट सिमेंटशी झगडते आणि काँक्रीट फुगून तडकते. आमच्या दिवाणखान्यातल्या नक्षीदार छताकडे मी तेव्हापासून संशयानेच पाहू लागलो. ते पाडकामाआधीच वेगळे काढायला हवे. मिसळले की सारे मुसळ केरात.

तसे यात नवे काय आहे? भाजलेल्या विटांची सुरखी चुन्यात घालून आपले पूर्वज वाडे बांधीत. आपल्या गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा तरी दुसरे काय, फुटक्या विटाच ना? दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत बायाबापड्यांनी रांगा लावून ढिगाऱ्यांतल्या विटा साफ केल्या आणि उरलेला चुरा काँक्रीटमध्ये घातला. तरी इतके उरले की बर्लिनला त्याची टेकडी झाली. टॉयफेल्सबर्ग म्हणजे सैतानाची टेकडी. दिल्लीत बुराडीला असा राडारोडा दळणारा कारखाना २००९ पासूनचा आहे.

ही सारी विद्या घेऊन मी सोसायटीच्या सभेत उभा राहिलो. तळमजल्यावरचे आप्पा ताडकन उठले. "म्हणजे नव्या घरात जुना माल? आणि पैसे नव्याचे?" सभा हसली. पण प्रश्न खरा होता, आणि आप्पांचा आवाज थोडा कापतही होता. त्या घराच्या पायात त्यांची आयुष्याची पुंजी होती. मी सांगितले, आपल्या टॉवरचे खांब एम-२५ च्या कितीतरी वरचे; तिथे नव्या खडीला हात लावायचा नाही. आवारातल्या फरसबंदीचे ब्लॉक आणि पायाखालचा थर, एवढेच. आणि मुख्य म्हणजे पाडलेला माल प्रक्रिया केंद्रावर जायचा. गाडीगणिक पावती दिल्याखेरीज कंत्राटदाराचे बिल मंजूर नाही. कंत्राटदाराचे गृहस्थ इतका वेळ पंखा न्याहाळीत होते. "पावती" ऐकताच त्यांनी खाली पाहिले.

"आमच्या गाड्या कुठं जातात ते तुम्हाला काय करायचंय?" ते म्हणाले. "एवढी कळकळ कशासाठी?"

मी खिशातून तुकडा काढून टेबलावर ठेवला. कुणालाच काही उमगेना. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "अहो, ही तर आपल्या न्हाणीघरातली!"

ठराव मंजूर झाला. घरी गेल्यावर काय झाले, ते मात्र सभेच्या इतिवृत्तात नाही.